कैरी, आढी आणि उणे १९६ अंश

मंडळी, आपण ज्या देशात येऊन संसार थाटला, तो देश गोठवण्याच्या धंद्यावर उभा राहिलेला आहे. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी डनीडिनजवळच्या पोर्ट चामर्स बंदरातून ‘डनीडिन’ याच नावाचं शिडाचं जहाज लंडनला निघालं. त्याच्या पोटात जवळपास पाच हजार मेंढ्या-कोकरांचं गोठवलेलं मांस होतं. वाटेत विषुववृत्ताचा उकाडा. यंत्र गार हवा सोडत होतं, पण ती कोठाराच्या कानाकोपऱ्यांत पोचेना. तेव्हा कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या नळीत शिरले आणि करवतीने नवी भोकं पाडू लागले. थंडीने ते आतच बधिर झाले. शेवटी सहकाऱ्याने त्यांना दोर बांधून बाहेर ओढून काढलं. ९८ दिवसांनी जहाज लंडनला पोचलं, तेव्हा एवढ्या मालातला एकच नग फेकून द्यावा लागला. तिथून या देशाचं नशीब पालटलं. आजही गावोगावी ‘फ्रीझिंग वर्क्स’ची नावं ऐकू येतात ती त्या सफरीची लेकरं.

आज मी लिहिणार आहे ती वस्तू मात्र मेंढीएवढी नाही. तिचा व्यास एका मिलिमीटरचा साधारण दहावा भाग, म्हणजे डोळ्याला दिसली तर दिसली. ती वस्तू म्हणजे स्त्रीबीज. आणि त्यातही पूर्ण न पिकलेलं, अपक्व स्त्रीबीज. ते गोठवून वर्षानुवर्षं जपता येतं का, कुणासाठी, आणि त्याचा खरा भरवसा किती, हे या लेखात सांगायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा तर डॉक्टरांचा प्रांत, इंजिनियरने यात का नाक खुपसावं? त्याचं असं आहे. मी पेशाने मेकॅनिकल इंजिनियर. मास्टर्सला विषय घेतला उष्णतावहनाचा आणि नोकरीची बरीच वर्षं शीतगृहांत गेली : लोणी, मांस, किवी फळं, सगळं थंड ठेवण्यात. त्यामुळे आमच्या मंडळींत मी ‘फ्रीजवाला’ म्हणून ओळखला जातो. एका गणपतीत महाप्रसादाच्या पंगतीनंतर परिचयातल्या एका वहिनींनी मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “भावोजी, तुम्ही फ्रीजवाले ना? मग मला सांगा, बीज गोठवतात म्हणजे नक्की काय करतात? आणि ते कच्चं असेल तर?” त्यांच्या नात्यातल्या एका सत्तावीस वर्षांच्या मुलीला स्तनाचा कॅन्सर निघाला होता. केमोथेरपी सुरू व्हायला थोडेच दिवस होते आणि तेवढ्यात निर्णय घ्यायचा होता. त्या मुलीचं पुढे काय झालं ती तिची खाजगी बाब आहे, ती इथे सांगणार नाही. पण तेव्हापासून मी या विषयाचं जमेल तसं वाचन केलं. डॉक्टरांचा सल्ला डॉक्टरांकडूनच घ्यायचा. माझं काम फक्त यंत्र उघडून आत काय आहे ते दाखवायचं.

आजीच्या पोटातली शिदोरी

पुरुषबीज शरीरात रोज नव्याने तयार होतं. स्त्रीबीजाचं तसं नाही. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी त्यांतली दहा-वीस लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. आणि सगळ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे. बाकीची मुकाट्याने विरून जातात. नवी भर पडत नाही. बँकेत एकदाच ठेव ठेवली आणि नंतर नुसती काढत राहायची, असा हा व्यवहार.

यातली एक गंमत बघा. तुम्ही-आम्ही ज्या बीजातून जन्मलो, ते आपली आई आजीच्या पोटात असतानाच तयार झालं होतं. कुणी रत्नागिरीत, कुणी नागपुरात, कुणी बेळगावात आजीच्या पोटात असलेली शिदोरी आज ऑकलंडच्या शाळेत मराठी-इंग्रजी मिसळून बोलते आहे!

या प्रत्येक बीजाने जन्माआधीच एक काम सुरू करून अर्ध्यावर सोडलेलं असतं. शरीराच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. बीजाने ती निम्मी, म्हणजे २३ करायची असतात. ती वाटणी थांबलेल्या अवस्थेत बीज पंधरा वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षं वाट बघत बसतं. मग एखाद्या महिन्यात संप्रेरकांचा इशारा मिळतो, साधारण दीड दिवसात वाटणीचा पहिला टप्पा पार पडतो आणि बीज ‘पिकतं’. पिकलेल्या बीजालाच फळ धरतं. वय वाढतं तसतशी या वाटणीत चुका वाढतात. पस्तिशीनंतर मूल होणं अवघड होत जातं, त्याचं मोठं कारण हेच. गर्भाशय त्या मानाने कमी म्हातारं होतं. म्हणूनच बीज तरुणपणी काढून ठेवलं तर ते तरुणच राहील, ही कल्पना पुढे आली.

पाक साखरतो तेव्हा

पण काढून ठेवायचं कसं? इथे माझा धंदा येतो. कोथिंबिरीची जुडी फ्रीजरमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढा. काळपट लगदा हाती येतो. कारण पेशीतलं पाणी गोठताना स्फटिकांच्या सुया होतात आणि त्या आतून सगळं फाडून टाकतात. स्त्रीबीज ही शरीरातली सर्वांत मोठी पेशी, पाण्याने भरलेली. मेंढीचं मांस गोठवताना पेशी थोड्या फाटल्या तरी खाणाऱ्याला फार फरक पडत नाही. इथे मात्र एकच पेशी असते आणि बाहेर काढल्यावर तिने जिवंत असायला हवं.

पहिला उपाय होता हळूहळू थंड करण्याचा : मिनिटाला अंशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तापमान उतरवत न्यायचं, म्हणजे पाणी पेशीतून बाहेर निघून जातं. या पद्धतीने गोठवलेल्या बीजापासून पहिली गर्भधारणा १९८६ साली आपल्या शेजारी, ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरमध्ये डॉ. ख्रिस्तोफर चेन यांनी जाहीर केली. जुळं झालं. पण पुढे बरीच वर्षं यश तुरळकच मिळत राहिलं.

मग आली दुसरी युक्ती. ती समजायला स्वयंपाकघरात चला. साखरेचा पाक ढवळत ढवळत हळू थंड केला की साखरतो, त्यात खडे होतात. तोच पक्का पाक गार ताटलीत थेंबभर टाकला की काचेसारखी पारदर्शक गोळी होते. खडे व्हायला कणांना वेळच मिळत नाही. बीजाचंही तेच करतात. आधी त्याच्यातलं पाणी काढून तिथे इथिलिन ग्लायकॉलसारखी द्रव्यं भरतात. (हे तेच रसायन बरं का, जे गाडीच्या रेडिएटरमध्ये हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून घालतात!) मग केसाएवढ्या थेंबात बीज घेऊन ते एकदम उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. थंड होण्याचा वेग मिनिटाला हजारो अंश. पाण्याचा बर्फ न होता त्याची काच होते. १९९९ साली या पद्धतीने पहिला जन्म नोंदला गेला, आणि २००५ च्या सुमारास जपानच्या मासाशिगे कुवायामा यांनी पातळ पट्टीवर बीज ठेवण्याची जी रीत रूढ केली, तिने गाडी रुळावर आली. आता चांगल्या प्रयोगशाळेत तरुण बाईची दहातली आठ-नऊ बीजं गोठणं-वितळणं सहन करतात. अमेरिकेतल्या प्रजननवैद्यक संघटनेने बीज गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का २०१२ साली काढून टाकला.

उणे १९६ अंशांना रासायनिक घड्याळ जवळजवळ थांबतं. तिथे एक वर्ष ठेवा नाहीतर दहा, बीजाचं वय वाढत नाही. धोका असतो तो आत जाताना आणि बाहेर येताना. शीतगृहाचा हाच पहिला नियम आहे.

आढी घालावी की आधी गोठवावं?

आतापर्यंत सांगितलं ते पिकलेल्या बीजाचं. पण पिकलेली बीजं मिळवायला साधारण दहा ते चौदा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शनं घ्यावी लागतात. म्हणजे एरवी महिन्याला एक पिकतं ते एकाच वेळी दहा-पंधरा पिकतात. ज्या मुलीची केमोथेरपी परवावर आली आहे, तिने दोन आठवडे कुठून आणायचे? काही कॅन्सर स्त्री-संप्रेरकांवर पोसले जातात. तिथे ही इंजेक्शनं देताना डॉक्टरांना जास्त सावध राहावं लागतं. शिवाय पीसीओएस असलेल्या मुलींना, आणि आपल्या भारतीय घरांत त्या पुष्कळ आहेत, या इंजेक्शनांनी बीजांडकोश फार फुगून पोटात पाणी होण्याचा धोका जास्त असतो.

अशांसाठी वाट कोणती? कैरीची. आपल्याकडे आंबा झाडावर पूर्ण पिकेपर्यंत कोण थांबतं? पाडाला आलेली कैरी उतरवायची, गवतात आढी घालायची आणि घरात पिकवायची. तसंच इंजेक्शनं न देता, किंवा अगदी थोडी देऊन, पाळीच्या कुठल्याही दिवशी बीजांडकोशातल्या छोट्या पुटिकांतून अपक्व बीजं सुईने काढायची आणि प्रयोगशाळेत ३७ अंशांच्या उबेत, योग्य द्रावणात, २४ ते ४८ तास ठेवून पिकवायची. कैरी अगदी कोवळी असेल तर आढीत सुरकुतून जाते; तसंच इथेही. बीज अपक्व असलं तरी आकाराने पूर्ण वाढलेलं, पाडाला आलेलं लागतं.

ही आढी घालणाऱ्यांत पहिलं मोठं नाव रॉबर्ट एडवर्ड्स यांचं. टेस्ट ट्यूब बेबीच्या शोधासाठी पुढे २०१० साली ज्यांना नोबेल मिळालं तेच हे. माणसाचं बीज शरीराबाहेर पिकायला किती तास लागतात, हे त्यांनी १९६५ सालीच दाखवलं. बाहेर पिकवलेल्या बीजांपासून मुलं होण्याची नोंद १९९१ साली कोरियातल्या डॉ. चा यांच्या गटाने केली. १९९४ साली मेलबर्नच्या ॲलन ट्राउन्सन यांच्या गटाने पीसीओएस असलेल्या स्त्रियांसाठी ती रीत वापरून दाखवली.

मग प्रश्न आला क्रमाचा. अपक्व बीज आधी गोठवावं आणि नंतर पिकवावं, की आधी पिकवून मग गोठवावं? इंजिनियरच्या डोक्याला पहिला पर्याय जास्त पटतो. कारण पिकलेल्या बीजात गुणसूत्रं एका नाजूक धाग्यांच्या चात्यावर टांगलेली असतात आणि थंडीने ते धागे विस्कटतात. अपक्व बीजात गुणसूत्रं केंद्रकाच्या पाकिटात सुरक्षित असतात, चातं तयारच झालेलं नसतं. तर्क बिनतोड. १९९८ साली अमेरिकेत मायकेल टकर यांच्या गटाने अपक्व अवस्थेत गोठवलेलं बीज वितळवून, पिकवून त्यातून बाळ जन्मल्याची नोंदही केली.

पण निसर्ग आपला तर्क वाचून वागत नाही. अपक्व बीजाभोवती मदतनीस पेशींचं कोंडाळं असतं आणि त्या बारीक तंतूंनी बीजाला बिलगून त्याला पोसत असतात. गोठवण्यात ते तंतू तुटतात. बीज जगतं, पण पिकायला नाखूश होतं. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या कैऱ्यांची आढी घातल्यासारखं! म्हणून आज बहुतेक ठिकाणी क्रम ठरला आहे : आधी पिकवा, मग काच करा.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण फ्रान्सचं. पॅरिसजवळ क्लामारच्या आंत्वान बेक्लेर रुग्णालयात २९ वर्षांची एक स्त्री स्तनाच्या कॅन्सरच्या केमोथेरपीआधी आली. इंजेक्शनं देणं तिच्या कॅन्सरच्या दृष्टीने योग्य नव्हतं. डॉ. मिकाएल ग्रिनबेर्ग यांच्या गटाने तिची सात अपक्व बीजं काढली. दोन दिवसांत सहा पिकली, सहाही गोठवली. पाच वर्षांनी ती बरी झाली होती, पण केमोने तिचं मातृत्व हिरावलं होतं. सहाही बीजं वितळवल्यावर जिवंत निघाली, पाच फळली, एक गर्भ तिच्या पोटात सोडला आणि ६ जुलै २०१९ रोजी मुलगा झाला. कॅन्सरच्या रुग्णात या मार्गाने झालेला हा पहिला जन्म. २०२० साली तो वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २०२१ साली, अमेरिकन संघटनेने प्रयोगशाळेत बीज पिकवण्यावरचाही ‘प्रायोगिक’ शिक्का काढला. अर्थात एका बाळावरून सरासरी काढायची नसते. इंजेक्शनांनी शरीरातच पिकवलेल्या बीजांचं यश अजूनही जास्त आहे. वेळ असेल आणि धोका नसेल तर डॉक्टर तोच रस्ता दाखवतात. आढी आहे ती ज्यांच्या हातात वेळ नाही त्यांच्यासाठी.

अगदी लहान मुलींसाठी, ज्यांची पाळीच सुरू झालेली नाही, तिसरा मार्ग आहे : बीजांडकोशाचा तुकडाच काढून गोठवायचा. त्यात हजारो अपक्व बीजं असतात. बरं झाल्यावर तो तुकडा परत शरीरात बसवायचा. या मार्गाने पहिला जन्म २००४ साली बेल्जियममध्ये, जॅक डोनेज यांच्या गटाकडे झाला. रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र त्या तुकड्याबरोबर रोगाच्या पेशीही परत जाण्याची भीती असते, म्हणून तिथे डॉक्टर हात आखडता घेतात.

मेंढ्यांची देणगी

‘डनीडिन’ जहाजातून मेंढ्या गेल्या ते आपण पाहिलं. पण बीज पिकतं कसं, हे जगाला शिकवण्यातही इथल्या मेंढ्यांचा वाटा आहे, हे कळल्यावर मला फार गंमत वाटली. डनीडिनजवळच्या इनव्हरमे संशोधन केंद्रात जॉर्ज डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली मेंढ्यांच्या एका वंशाचं विचित्र वागणं नोंदवलं. त्याला नाव दिलं ‘इनव्हरडेल’. त्या गुणाची एक प्रत असलेल्या मेंढीला जास्त कोकरं होतात, आणि दोन प्रती असल्या तर मेंढी पूर्ण वांझ! २००० साली डनीडिनच्याच सू गॅलोवे आणि सहकाऱ्यांनी यामागचं जनुक शोधून काढलं : बीएमपी-१५. हे जनुक काम करतं खुद्द बीजाच्या आत. म्हणजे बीज नुसतं आयतं खाऊन बसलेलं नसतं, तेच भोवतीच्या पेशींना हुकूम सोडत असतं. हे समजल्यावर आढीचं द्रावण कसं सुधारावं याच्या संशोधनाला नवी दिशा मिळाली. कुरणातल्या मेंढ्यांकडे आता मी जरा आदराने बघतो.

आपल्याकडेही या विद्येचा इतिहास मोठा आहे आणि थोडा दुःखाचा. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ २५ जुलै १९७८ चं, इंग्लंडमधलं. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनीच, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली, तीही गोठवलेल्या गर्भातून. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी बाळ जन्मलं आणि ते भारतातलं पहिलं ठरलं. पण त्याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रं तपासली आणि १९९७ साली स्वतःहून जाहीर सांगितलं की पहिला मान माझा नाही, त्यांचा. असा मोठेपणा दुर्मिळच. आणि बीज गोठवण्याचं ठळक उदाहरणही मुंबईचंच. १९९७ ची विश्वसुंदरी डायना हेडन यांनी डॉ. नंदिता पालशेतकर यांच्याकडे बीजं गोठवून ठेवली होती. त्यांतून आठ वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये, त्यांना मुलगी झाली.

ही फिक्स्ड डिपॉझिट नाही

अशी उदाहरणं वाचून मुली आणि मुलींच्या आया म्हणतात, “चला, तिशीत गोठवून टाकू, म्हणजे काळजी मिटली.” इथे मला इंजिनियर म्हणून हात वर करावासा वाटतो. अमेरिकेत २०१७ साली एक हिशेब मांडला गेला : २० पिकलेली बीजं गोठवली तर निदान एक मूल होण्याची शक्यता ३४ व्या वर्षी सुमारे ९० टक्के, ३७ व्या वर्षी ७५, आणि ४२ व्या वर्षी ३७. हा झाला कागदावरचा अंदाज. न्यूयॉर्कच्या एका केंद्राने २०२२ साली प्रत्यक्ष अनुभव छापला. तिथे गोठवणाऱ्या स्त्रियांचं सरासरी वय ३८ च्या वर होतं, आणि पुढे बीजं वापरायला आलेल्यांपैकी ३९ टक्के स्त्रियांना मूल झालं. ३८ च्या आत गोठवणाऱ्यांत ५१ टक्के. ३८ च्या आत आणि वीस किंवा जास्त बीजं, अशांत ७० टक्के.

म्हणजे काय? वय आणि संख्या, हे दोनच आकडे खरे. कच्च्या बीजांच्या मार्गाने संख्या बहुधा कमीच मिळते. ठेव पावतीवर बँक रक्कम लिहून देते. इथे प्रयोगशाळा फक्त संधी जपून ठेवते. ती संधी मोलाची आहे, पण तिला हमी म्हणणाऱ्या जाहिरातींपासून चार हात दूर राहा. आणि उलट बाजूही सांगतो : बीज गोठवलं म्हणून मूल झालंच पाहिजे असं नाही. गोठवणाऱ्या पुष्कळ स्त्रिया ती बीजं कधी वापरायला येतच नाहीत. कुणाला सहज मूल होतं, कुणाला नको असतं. तो त्यांचा हक्क.

कायदा काय म्हणतो

न्यूझीलंडमध्ये या सगळ्याला २००४ चा मानवी साहाय्यित प्रजनन कायदा लागू आहे. गोठवलेली बीजं आणि गर्भ दहा वर्षं ठेवता येतात. त्यापुढे ठेवायची तर मुदत संपण्याआधी नैतिक समितीची परवानगी घ्यावी लागते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पत्ता बदलला तर क्लिनिकला कळवा. आपण भाड्याची घरं बदलत फिरणारी माणसं, तिथेच गफलत होते. गोठवलेली बीजं उपचारात वापरायला इथे सर्रास मोकळीक मिळाली ती २००९ साली. बीजाची खरेदी-विक्री गुन्हा आहे आणि मुलगा-मुलगी निवडणंही. वैद्यकीय उपचारांमुळे ज्यांच्या प्रजननक्षमतेला धोका आहे, त्यांच्यासाठी सरकारी खर्चाची सोय आहे. पात्रतेचे नियम डॉक्टरांना विचारावेत. स्वेच्छेने गोठवणाऱ्यांना मात्र खिशातून हजारो डॉलर मोजावे लागतात, वर साठवणुकीचं भाडं वेगळं.

या कायद्यातली एक गोष्ट मला विशेष भावली. माओरींच्या गरजा, मूल्यं आणि श्रद्धा यांचा आदर राखावा, असं त्यात तत्त्व म्हणूनच लिहिलं आहे. दान केलेल्या बीजातून जन्मलेल्या मुलाला आपलं मूळ कळलं पाहिजे, हेही. माओरी माणूस आपली वंशावळ, ‘व्हाकापापा’, मुखोद्गत ठेवतो. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापतात. फरक एवढाच की आपल्या कुलवृत्तांतात मुलींच्या वाट्याला अर्धी ओळ येते, आणि बीज तर त्यांच्याकडूनही आलेलं असतं!

आणखी एक व्यवहाराची बाब. कुणी पुण्या-मुंबईत बीजं गोठवली आणि नंतर नोकरीने किंवा लग्नाने इकडे आली, तर? भारताच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे बीजं परदेशी नेता येतात ती फक्त स्वतःची, स्वतःच्याच वापरासाठी, आणि राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने. तेव्हा तिकीट काढण्याआधी तिकडच्या आणि इकडच्या दोन्ही क्लिनिकांशी बोला. लोणच्याची बरणी नाही ती, सुटकेसमध्ये साड्यांत गुंडाळून आणायला.

विचारायची वेळ

खरी अडचण यंत्राची नाही, आपल्या घरांची आहे. एखाद्या तरुण मुलीला कॅन्सर निघतो तेव्हा घरात एकच वाक्य फिरतं : “आधी जीव वाचू दे, बाकीचं नंतर बघू.” ते चुकीचं नाही, जीव पहिला. पण केमोची काही औषधं, विशेषतः सायक्लोफॉस्फमाइडच्या जातीची, बीजांडकोशातल्या शिदोरीवरच घाला घालतात. मग ‘नंतर’ बघायला काही उरलेलं नसतं. आणि हा प्रश्न आईने विचारावा तर तिचा कंठ दाटतो, बापाने विचारावा तर त्याला संकोच, आणि मुलगी बिनलग्नाची असेल तर “लोक काय म्हणतील?” हे आहेच. कॅन्सर झाल्याचंच आपण लपवतो, तिथे बीजाचं कोण बोलणार?

बरं, डॉक्टर आपणहून सांगतील असं धरून बसू नका. त्यांच्यासमोर गाठ असते, तारखा असतात. तेव्हा पहिल्याच भेटीत, पहिल्या सलाइनच्या आधी, तीन प्रश्न विचारा. या उपचाराने पुढे मूल होण्यावर परिणाम होईल का? बीज जपण्यासाठी आमच्या हातात नक्की किती दिवस आहेत? आणि आज-उद्यात प्रजननतज्ज्ञांची भेट मिळेल का? दोन आठवडे असतील तर पिकलेली बीजं. तेवढे नसतील तर आढीचा मार्ग किंवा बीजांडकोशाचा तुकडा. कच्ची बीजं पिकवून गोठवण्याचं कसब प्रत्येक क्लिनिककडे नसतं, म्हणून तेही स्पष्ट विचारा. मुलग्याला कॅन्सर झाला तरी हेच विचारायचं. त्याचं काम तर एका दिवसात होतं. आणि “काही करायचं नाही,” असं उत्तर त्या मुलीने दिलं, तर तेही पूर्ण उत्तर आहे. निर्णय तिचा. आपलं काम एवढंच, की प्रश्न तिच्यापर्यंत वेळेवर पोचावा.

आमच्या धंद्यात एक साधं तत्त्व आहे. माल कितीही चांगला असो, गाडी कितीही थंड असो, शेतातून शीतगृहापर्यंतचे पहिले काही तास वाया गेले तर पुढचं सगळं फुकट. इथे त्या तासांच्या जागी आठ-दहा दिवस असतात. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणाच्या घरून अशी बातमी आली की डबा जरूर घेऊन जा, धीर द्या. आणि त्या घरातल्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन हे तीन प्रश्न कागदावर लिहून द्या. बोलायला जड जातं ते कागदावर सोपं जातं.